सेवादासचा पाईप

सेवादास राठोडने बसवलेल्या एका पाईपावरून मी दोन महिने जळलो. सांगायला लाज वाटते, पण जळलो हे खरं आहे. ज्याच्यावर कधी कुणावर जळायची वेळच आली नाही, त्याने मला शहाणपण शिकवायला येऊ नये.

आधी पाईप कसला ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. हार्वेस्टरच्या इंजिनाला टर्बो असतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर तो भणाणत फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. इतका जोरात फिरतो की त्याला सतत तेल लागतं. हे तेल वरून दाबाने आत येतं, पण खालून परत जाताना त्याला कुणी ढकलत नाही. तापलेलं, फेसाळलेलं तेल आपल्याच वजनाने एका पाईपातून उतरत इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये जातं. आम्ही त्याला रिटर्न पाईप म्हणतो. या पाईपाचे नखरे दोन. एक म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या तापलेल्या मॅनिफोल्डपासून त्याने लांब राहायचं, आणि दुसरं म्हणजे उतार कुठेही मोडायचा नाही. लांबून न्यावा तर उतार मोडतो, सरळ खाली आणावा तर पाईप मॅनिफोल्डच्या अंगावर जातो. मिस्त्रीची अक्कल दिसते ती इथे.

मी अवधूत. दिग्रसला जिनिंगच्या रस्त्यावर माझं गॅरेज आहे. वडील पंचायत समितीत बाबू होते, दोन्ही काका मास्तर. आमच्या घरात पँटला तेलाचे डाग घेऊन जेवायला बसणारा मी पहिलाच. काम शिकलो भगवानराव उस्तादांकडे. उस्ताद आता काम करत नाहीत, डोळे अधू झालेत. पण दिग्रस, महागाव, पुसद या पट्ट्यातला कुठलाही जुना मिस्त्री त्यांचं नाव निघालं की कानाला हात लावतो. मी त्यांच्याकडे लागल्यावर सहा वर्षांनी सेवादास आला, फुलसावंगीजवळच्या तांड्यावरून. उस्तादांच्या बायकोने, बेबीताईने, आम्हा दोघांना एकाच ताटात वाढलेलं आहे.

उस्तादांचा एक नियम होता. नवा पाईप जिथून न्यायचा, तिथे इंजिन चांगलं तापलेलं असताना तळहात धरायचा. टेकवायचा नाही, नुसता धरायचा आणि दहा आकडे मोजायचे. दहापर्यंत हात राहिला तर तिथे रबर राहील. हात आधीच मागे आला, तर रबरही तिथे जगणार नाही. सेवादासला हे उस्तादांनी नाही, मी शिकवलं. उस्ताद त्या दिवशी यवतमाळला गेले होते. सेवादासचा हात धरून मीच तो इंजिनाजवळ नेला आणि मीच आकडे मोजले. म्हणून तर जास्त झोंबलं.

फुलसावंगीच्या नानाजींचा हार्वेस्टर पहिल्यापासून माझा. म्हणजे मालक ते, पण पाना माझाच लागायचा. त्याचा कंपनीचा रिटर्न पाईप गेल्यावर मी रबराचा टाकला, जवळच्या वाटेने, मॅनिफोल्डच्या वीतभर अंतरावरून. हात सातलाच मागे आला होता. मी काय केलं, पाईपावर उष्णता अडवणारी दोरी गुंडाळली आणि स्वतःला सांगितलं की झालं. एक हंगाम चालला. दुसऱ्या हंगामात रबर लाकडासारखं कडक होऊन तडकलं. पुन्हा तसाच टाकला. यंदा पोळ्याच्या आधी हंगामाची सर्व्हिस केली तेव्हा तो बरा दिसला, आणि पोळा झाल्यावर आठवड्यातच तेल मॅनिफोल्डवर ठिबकून धूर निघाला. वाळल्या सोयाबीनमध्ये ही मशीन पेटली असती तर शेतासकट गेली असती. नानाजी घाबरले आणि माझ्याकडे न येता तडक महागावला सेवादासच्या गॅरेजवर गेले.

सेवादासने दोन दिवस नुसतं बघितलं म्हणे. मग लोखंडी पाईप घेतला, टर्बोखालून निघाल्याबरोबर त्याला इंजिनाच्या दुसऱ्या अंगाला वळवलं, डिझेल पंपाच्या खालून नेलं आणि थेट चेंबरच्या मागच्या भोकात उतरवलं. रबराचा तुकडा ठेवला तो फक्त शेवटी, थंड जागी, चार बोटांचा. सबंध वाटेत मॅनिफोल्डचं तोंड नाही आणि उतारही कुठे मोडला नाही. नानाजींनी हे महागावच्या बाजारात सांगितलं, फुलसावंगीच्या चौकात सांगितलं, मला तर फोन करून सांगितलं.

"अवधूत, तुले सांगतो, पाईप आहे का काय आहे तो! पाहातच राहावं वाटते."

"पाहा नं मंग," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

इथपर्यंतही मी सहन केलं असतं. पण उस्ताद एसटीत बसले. दिग्रसहून महागाव, तिथून फुलसावंगी. डोळ्यांना धड दिसत नाही, गुडघे बोलतात, आणि हा माणूस पाईपाला हात लावायला गेला. वीस वर्षांत माझं काम बघायला ते चार गल्ल्या ओलांडून आले नव्हते. परत आल्यावर माझ्या गॅरेजसमोर थांबले, म्हणजे मुद्दाम मला सांगायलाच.

"बोटं फिरवली रे म्या वरपासून खालपर्यंत. कुठीच थांबलं नाई बोट. तू एकदा जाऊन पाहून ये."

"जाईन," मी म्हणालो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

घरी जेवताना मी पुन्हा तेच काढलं. पद्मजा, माझी बायको, पोळी वाढता वाढता म्हणाली, "सकाळपासून सात वेळा सेवादास झाला. माझं नाव तुमच्या तोंडून महिन्यातून तरी येतं का?" मी ताटावरून उठलो नाही, एवढंच. ती खरं बोलत होती आणि मला खरं नको होतं. मला सेवादासचा पाईप फुटायला हवा होता.

ऑक्टोबरच्या मध्यावर नानाजींचा फोन आला. हार्वेस्टर महागावच्या अलीकडे एका शेतात सोयाबीन काढत होता आणि निळा धूर ओकत होता. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. सेवादास कसलासा पंप घेऊन नांदेडला गेलेला, त्याचा फोन लागत नव्हता. "तू तरी ये बाप्पा," नानाजी म्हणाले. त्यातला 'तरी' मी ऐकून सोडून दिला. गाडीला किक मारली तेव्हा मला गाणं सुचत होतं. रिटर्न पाईपात तेल तुंबलं की ते टर्बोतून धुराच्या वाटेला लागतं आणि निळा धूर येतो. म्हणजे सेवादासचा उतार कुठेतरी मोडला होता. मी चाललो होतो तो दुरुस्तीला नाही, वरातीला.

भरदुपार होती. नानाजी बांधावरच्या बाभळीखाली फोनवर बोलत बसले होते. मी मशीनवर चढलो, पाईपाकडे पाहिलं आणि माझं गाणं बंद पडलं. पाईप सुरेख होता. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. मापाची दोरी लावली, उतार सरळ. इंजिन तापलेलंच होतं, तळहात धरला, दहा मोजले, मग पंधरा मोजले. हात तिथेच. वरचं तोंड सोडून तेल ओतलं, ते कुठेही न अडखळता खाली गेलं. मी पाईप परत जोडला आणि घाम पुसत दुसरीकडे शोधू लागलो.

सापडलं ते ब्रीदरवर. ब्रीदर म्हणजे इंजिनाचं नाक. चेंबरमध्ये कोंडणारी वाफ तिथून बाहेर पडते. सोयाबीनचा भुसा आत जाऊ नये म्हणून आमच्या भागात हंगामाआधी त्याच्या तोंडावर फडकं बांधतात. सगळेच बांधतात असं नाही, मी बांधतो. नानाजींच्या ब्रीदरवर पद्मजाच्या जुन्या साडीचा पिवळा तुकडा होता, मी पोळ्याआधी दोन पदरी बांधलेला. तेलाच्या वाफेने आणि भुश्याने त्याचं चामडं झालं होतं. नाक बंद, चेंबरमध्ये हवा कोंडलेली. ती हवा खालून पाईपात चढत होती, मग तेल उतरणार कसं? सेवादासचा पाईप नाही, माझं फडकं.

मी फडकं सोडून खिशात कोंबलं. काम झालं होतं. आता इंजिन चालू केलं असतं तर धूर थोड्या वेळात थांबला असता आणि मी घरी गेलो असतो.

"काय निघालं रे?" नानाजींनी बाभळीखालून विचारलं.

मी काय केलं ते जसंच्या तसं सांगतो. पाईप इंजिनाला धरून ठेवणाऱ्या मधल्या पट्टीचा नट ढिला केला, मोठा पाना पाईपावर अडकवला आणि दोन्ही हातांनी खाली दाबला. पाईपाला मध्ये दोन बोटं पोट आलं. पान्याचा ओरखडा पडला होता, त्यावर तेलाचं बोट फिरवलं. मग नानाजींना हाक मारली.

"हे पाहा. पोट सुटलं पाईपाले. इथं तेल साचून राह्यलं."

नानाजींनी चष्मा वर केला, वाकून पाहिलं, मोबाईल काढून फोटो घेतला. त्यांच्यासमोरच मी पाना उलटा लावून पाईप सरळ केला, नट आवळला, इंजिन चालू केलं. दहा-पंधरा मिनिटांत धूर साफ झाला. नानाजींनी माझ्या पाठीवर थाप मारली. तो फोटो संध्याकाळच्या आत हार्वेस्टरवाल्यांच्या ग्रुपवर होता.

मला वाटलं होतं उस्ताद खूश होतील, म्हणजे माझ्यावर. त्यांचा फोन आला. "सेवादासाचा हात चुकला म्हणते," ते म्हणाले. मग म्हणाले, "माया बोटाईले तं नाई लागलं काही. आता बोटंई गेले वाटते माये." दुरुस्ती कुणी केली हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. फोन ठेवल्यावर मला जो राग आला, तो सेवादासचाच आला. चूक त्याच्या नावावर लावली तरी लोकांना वाईट त्याच्याचसाठी वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सेवादासचा फोन आला. मी भांडणाच्या तयारीत होतो, उत्तरं तोंडपाठ करून ठेवली होती.

"भाऊ, फोटो पाह्यला," तो म्हणाला. "म्या दोरी लावून पाह्यलं होतं नं. तवा बरोबर वाटलं. पट्टी कमजोर पडली असंन काय?"

"असंन," मी म्हणालो.

"तुमी होते म्हणून बरं झालं. नाईतं टर्बोच गेला असता."

एकही उत्तर कामाला आलं नाही. त्याने माझ्यावर शंकाच घेतली नव्हती. त्याला हात धरायला शिकवणारा मी होतो, मी पाईप वाकडा म्हटलं म्हणजे तो वाकडा. त्याने मला शिव्या घातल्या असत्या तर मी सुखाने जेवलो असतो.

त्यानंतर पंधरा दिवस माझी चैन झाली, निदान बाहेरून बघणाऱ्याला तसंच वाटलं असतं. महागावकडचे ट्रॅक्टरवाले दिग्रसला यायला लागले. "सेवादासनं धाडलं," म्हणायचे, "टर्बोचं काम भाऊकडेच करा म्हणे." तो स्वतः दोनदा आला, घडवलेला पाईप पिशवीत घालून. माझ्यासमोर धरायचा आणि माझ्या तोंडाकडे बघत उभा राहायचा. एकदा मी मुद्दाम नुसतं "हं" केलं. तर हा पाईप घेऊन गेला आणि कापून नवा केला. कापलेला चांगला होता. मला ठाऊक होतं. मी बोललो नाही. मजा वाटली, आणि मजा वाटली याची घाणही वाटली, पण बोललो नाही.

नोव्हेंबरात एका सकाळी तो सुखीबाईचा ट्रॅक्टर घेऊन आला. सुखीबाई त्याच्याच तांड्यावरची, नवऱ्यामागे स्वतः ट्रॅक्टर चालवते, मळणीयंत्र लावून गावोगाव तूर-सोयाबीन काढून देते.

"भाऊ, हे पाहून द्या. मंग तिले नेऊ देतो," सेवादास म्हणाला.

मी बॉनेट उघडलं. टर्बोखालून रबराचा पाईप निघाला होता, जवळच्या वाटेने, मॅनिफोल्डपासून वीतभर अंतरावरून. त्यावर दोरी गुंडाळलेली, शेवटाला तारेची गाठ, अगदी मी मारतो तशी.

"हे काय बे?" मी ओरडलो. "आधी काय होतं इथं?"

"लोखंडी होता, म्याच केलता मागच्या साली. काढला."

"काहून?"

"तोबी पोट काढंन म्हटलं एखाद्या दिवशी. तुमचा पाईप जळला तं होता, पण तुमचं काम वाकडं कोणी म्हटलं नाई." तो हसला, ओशाळून. "आता तुमच्यासारखंच करून राह्यलो."

"हात धरला होता?"

"धरला. सहाले मागं आला. म्हटलं, भाऊ करते तं चालत असंन."

मी त्या दोरीकडे बघत राहिलो. सुखीबाई हा ट्रॅक्टर वाळल्या कुटाराच्या, भुश्याच्या ढिगाशेजारी उभा करणार होती. दिवसभर इंजिन तापणार, आणि रबर एका हंगामात नाही तर दुसऱ्या हंगामात तडकणार. शिवाय ते बसवलं होतं कुणी, तर या पट्ट्यात ज्याच्याइतका सरळ हात कुणाचा नव्हता त्याने. तो हात मी मोडला होता. एवढी वर्षं जो हात मला हवा होता, तो मला मिळाला नाहीच, त्याच्याकडेही राहिला नाही.

"सेवादास, नानाजीचा पाईप म्या वाकवला," मी म्हणालो.

त्याला ते कळलंच नाही. म्हणून मी सगळं सांगितलं. फडकं माझं होतं, नाक त्याने बंद झालं होतं, पाना मी लावला, फोटो निघाल्यावर सरळही मीच केला. हे सगळं उभ्यानेच सांगितलं, ट्रॅक्टरच्या चाकाला हात टेकून. सांगताना त्याच्या हाताकडे लक्ष ठेवून होतो. त्याच्या हातात पाना होता आणि त्याने तो मला मारला असता तर मी बाजूला झालो नसतो.

"फडकं पाह्यलं होतं म्या," तो हळूच म्हणाला. "म्हटलं भाऊनं बांधलं, विचार करूनच बांधलं असंन. म्हणून हात नाई लावला."

"हं."

"म्हणजे तुमी पाह्यला तवा उतार बरोबर होता?"

"होता."

"तेल ओतून पाह्यलं?"

"पाह्यलं. कुठीच नाई थांबलं."

"अन् हात?"

"पंधरा मोजले."

"पंधरा!" तो म्हणाला आणि त्याचं तोंड असं उजळलं की मला बघवेना. "म्हणजे पाईप बरोबर होता! भाऊ, मले झोप नव्हती हो. रोज मनातल्या मनात तोच पाईप काढत होतो, कुठं चुकलं, कुठं चुकलं. बरोबर होता म्हणजे!"

"अरे, म्या काय सांगून राह्यलो तुले? म्या वाकवला. म्या खोटं बोललो. दे नं शिवी एखादी."

"उस्तादले फोन लावा," तो म्हणाला. "आत्ता लावा. त्याईच्या बोटाईले काही झालं नाई, हे सांगा त्याईले." एवढं बोलून तो ट्रॅक्टरखाली सरकलासुद्धा. तारेची गाठ तुटल्याचा आवाज आला, मग दोरी सुटून माझ्या पायाशी पडली. खालून गुणगुणणं ऐकू यायला लागलं.

मी फोन लावला. उस्तादांना सांगितलं, तेच, त्याच क्रमाने, काही न लपवता. लपवायला उरलंही नव्हतं काही. मी वाट बघत होतो. त्यांच्या तोंडच्या शिव्या दिग्रसमध्ये प्रसिद्ध होत्या, आणि माझ्या मते मी त्यातली सगळ्यात मोठी कमावली होती.

"म्हणजे पोराचा पाईप बरोबर होता?" उस्तादांनी विचारलं.

"हो, उस्ताद."

"बेबी!" ते घरात ओरडले. "अवं बेबी, सेवादासाचा पाईप बरोबर होता! म्या सांगत नव्हतो? बोट कुठीच थांबलं नव्हतं मायं!"

बेबीताई आतून काहीतरी म्हणाली आणि हसली. उस्तादही हसले. फोन त्यांनी खाटेवर टाकला असावा, बंद करायचं राहून गेलं. दोघं बोलत होते. सेवादासला घरी बोलवू म्हणाले, त्याला बेबीताईच्या हातचे वडे आवडतात म्हणाले. सेवादासने ट्रॅक्टरखालून हात बाहेर काढून माझ्याकडे पाना मागितला. मी दिला. मी फोन कानाला धरून उभाच होतो, त्यांच्या बोलण्यात माझं नाव केव्हा येतं ते ऐकायला. शिवीतसुद्धा ते आलं नाही.